नातीचं जहाज

"मावशी, एवढ्या पायऱ्या खेचरावरून? पडलात तर तुमची नात मला समुद्रात बुडवेल," खेचरवाला यान्गोस म्हणाला.

"आणि वेळेत नाही पोचवलंस तर मी बुडवीन. चल!"

थेमेलिना खोगिराची लाकडी कड घट्ट धरून बसली होती. गुडघे गेल्यापासून चार वर्षं ती बेटाच्या डोंगरावरच्या वस्तीतून खाली बंदरावर आलीच नव्हती. पण आज पिरेयस बंदरातून येणारं मोठं जहाज तिची नात इव्हान्थिया आणणार होती, कप्तान म्हणून, पहिल्यांदाच. आणि उत्तरेचा वारा नुसता पिसाळला होता.

भोंगा वाजला.

"आलं! हाक की रे!"

खेचर खडखडत पायऱ्या उतरू लागलं. थेमेलिनाचा गुडघा भिंतीच्या चुन्याला घासत होता. दारादारातून बायका ओरडत होत्या, "थेमेलिना, अगं कुठे?" बेकरीपाशी कुणाची तरी पावांची टोपली उलटली. तिनं वळूनही पाहिलं नाही.

धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं. जहाज पाठमोरं आत येत होतं आणि वारा ते धूड मासेमारीच्या होड्यांवर ढकलत होता. कॉफीच्या दुकानासमोर म्हातारा स्टामातिस बसला होता. चाळीस वर्षं कप्तानकी केलेला माणूस.

"धक्क्याला नाही लागायचं," तो म्हणाला. "पोरीबाळींचं काम नव्हे हे."

"स्टामातिस, तू दोनदा धक्क्यावर आपटलास, तेव्हा कुठली पोर होती रे?" थेमेलिनानं खेचरावरूनच विचारलं. लोक हसले.

तेवढ्यात जहाज तिरपं झालं. कोळी आपापल्या होड्यांकडे धावले. पाणी पांढरं उसळलं आणि जहाज पुन्हा बाहेर, उघड्या समुद्राकडे निघालं. थेमेलिना खोगिरावर उंच होऊन पाहू लागली.

मग ते वळलं. या वेळी वाऱ्याच्या अंगानं बरंच वर जाऊन. नांगराची साखळी धडधडत सुटली. वारा ढकलत होता आणि जहाज ढकललं जात जात नेमकं धक्क्यासमोर सरळ झालं. दहा हात. पाच हात. दोरखंड उडाले, आणि पहिला दोर झेलायला धावला तो स्टामातिस. जहाजाच्या मागचा उतरता रॅम्प दणकन धक्क्याच्या दगडावर आपटला तेव्हा साऱ्या बंदरानं एकच आरोळी ठोकली.

खूप उंचावर पांढऱ्या सदऱ्यातली एक लहानशी आकृती कठड्यावरून वाकली. कर्ण्यातून आवाज घुमला, "आजी! तू खाली कशी आलीस?"

"काही खाल्लंस का?" थेमेलिना ओरडली.

"पाच मिनिटांत सुटायचंय गं! मला उतरता येणार नाही!"

थेमेलिनानं एकदा मागच्या पायऱ्यांकडे पाहिलं, एकदा रॅम्पकडे.

"यान्गोस, चढव."

"कुठे?"

"जहाजावर. आणखी कुठे?"

"मावशी, अंगावर स्वयंपाकाचा एप्रन आहे, पायात सपाता..."

खेचर रॅम्प चढलं. खलाशांनी तिला अलगद उचलून उतरवलं. थोड्या वेळानं यान्गोस रिकामं खेचर घेऊन एकटाच परत धक्क्यावर आला. पाठीमागे रॅम्प कुरकुरत वर जाऊ लागला.

"मावशी!" तो ओरडला. "परत कधी येणार?"

बंद होत आलेल्या फटीतून थेमेलिनाचा खणखणीत आवाज आला, "मला काय विचारतोस? कप्तानाला विचार!"