पंचायतीचं नेट

"नेट नाय," गोकुळनं मान वर न करता सांगितलं.

बुद्धभूषणनं घड्याळात पाहिलं. अडीच वाजले होते. पाच वाजता संभाजीनगरच्या नर्सिंग कॉलेजची खिडकी बंद होणार होती आणि त्याची धाकटी बहीण रूपा सकाळपासून त्या खिडकीसमोर उभी होती. यादीत तिचं नाव लागलं होतं. बाकी सगळे कागद होते, अडलं होतं फक्त गावच्या रहिवासी दाखल्यावर. आज शेवटचा दिवस होता.

"कधीपासून नाही?"

"झाले असतील सहा महिने."

"सहा महिने! मग तुम्ही इथं बसून करता काय?"

गोकुळ टेबलावरचे कागद सारखे करत राहिला. ग्रामपंचायतीचा संगणक तोच चालवायचा. दाखल्यावरची डिजिटल सही याच जुन्या यंत्रातून आणि पंचायतीच्याच तारेवरून व्हायची, मोबाइलचं नेट तिथं चालत नसे. म्हणजे गोकुळ 'नाय' म्हणाला की विषय संपला. टेबलामागच्या माणसाला तेवढा एक शब्द पुरतो, आणि तो ऐकून मुकाट्यानं परत जाणारी माणसं पाहिली की खरोखर डोकं फिरतं.

बुद्धभूषणची आई मालनबाई भिंतीजवळच्या बाकावर बसल्या होत्या. "चल बाबा," त्या म्हणाल्या. "नाय म्हणतोय तर नाय. पोरीचं पुढल्या साली बघू."

"पुढल्या साली? दिवसभर कापूस वेचून रात्री अभ्यास केलाय तिनं. तू तरी असं बोलू नको, आई!"

त्यानं संगणकाचा पडदा स्वतःकडं वळवला. विंडोज नव्हतं, जुनं लिनक्स होतं. शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात तो असली पन्नास यंत्रं सांभाळायचा.

"सरका. मी बघतो."

"भायेरच्या माणसाला हात लावता येत नाय," गोकुळ घाईघाईनं म्हणाला.

आतल्या खोलीतून ग्रामसेवकांचा आवाज आला. "लावू द्या हो हात! झालं चालू तर बरंच आहे. तालुक्याच्या मीटिंगला दर वेळी माझीच हजामत होते."

गोकुळ खुर्चीवरून उठला. उठताना त्यानं मालनबाईंकडं पाहिलं. त्या लगेच लेकाजवळ आल्या.

"जरा भायेर चल. बोलायचंय."

"नंतर."

"आत्ताच बोलायचंय, बाबा."

"पाच वाजता खिडकी बंद होणार आहे! नंतर बोल म्हटलं ना!"

मालनबाई पुन्हा बाकावर जाऊन बसल्या.

तार ठीक होती, पण यंत्राच्या मागं नेटवर्क कार्डावरचा दिवा लागत नव्हता. पासवर्ड विचारला तर गोकुळ 'आठवत नाय' म्हणाला. बुद्धभूषणनं दात खाऊन यंत्र बंद केलं, दुरुस्तीसाठीच्या रिकव्हरी मोडमधून आत शिरला आणि पासवर्डच बदलून टाकला. कार्ड यादीत दिसत होतं, चांगलं धडधाकट होतं, पण ते चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, चढत नव्हता. एकेक फाइल उघडून पाहण्यात पाऊण तास गेला. दोनदा रूपाचा फोन आला, दोन्ही वेळा तो तिच्यावरच खेकसला. मग एका फाइलमध्ये त्याला ती ओळ सापडली. हा ड्रायव्हर कधीच चढवू नये, अशी यंत्राला ताकीद दिली होती.

"हे बिघडलेलं नाय," तो ओरडला. "बंद केलंय! कुणीतरी स्वतःच्या हातानं ही ओळ लिहिलीय!"

गोकुळ खिडकीबाहेर पाहत राहिला.

"माळावरच्या वस्तीतलं माणूस आलं की तुमचं नेट जातं, व्हय ना गोकुळराव? तुम्ही पाटलाच्या घरचे. आमची पोरगी नर्स झाली तर तुमचं काय जातंय?"

"तसं नाय, भूषण."

"मग कसंय? सांगा ना!"

गोकुळनं आतल्या दाराकडं पाहिलं.

"नको बोलू रे त्याला," मालनबाई म्हणाल्या.

"तू त्याची बाजू घेतेस? यांच्यापुढं मान खाली घालण्यातच जन्म गेला तुमचा!" संतापानं त्याचा आवाज फाटला होता. त्यानं ती ओळ पुसली, ड्रायव्हर चढवला आणि यंत्राच्या मागं वाकून पाहिलं. हिरवा दिवा लागला होता.

ग्रामसेवक खुशीत बाहेर आले आणि अंगठा टेकवून सही करून गेले. 'रूपा सर्जेराव ही या गावची कायम रहिवासी आहे.' सव्वाचारला दाखला रूपाच्या मोबाइलवर पोचला. वीस मिनिटांनी तिचा फोन आला. ती रडत होती.

"दादा, झालं! मिळाली सीट!"

बुद्धभूषणनं फोन आईच्या कानाला लावला. "गुणाची गं माझी बाय," एवढंच त्या म्हणू शकल्या आणि पदरानं डोळे पुसत राहिल्या. त्याला वाटलं, आता तरी आईला पटलं असेल.

प्रिंटर मात्र थांबला नव्हता. पानावर पान बाहेर येत होतं.

"हे काय निघतंय?"

"वरची पत्रं," आतून ग्रामसेवक म्हणाले. "लाइन आली की आपोआप छापली जातात. सहा महिन्यांची अडकली होती. आता हातात पडली म्हणजे आजच तामील करावी लागणार."

बुद्धभूषणनं वरचं पान उचललं. नाव मालनबाईंचं होतं. गायरानावरील अतिक्रमण. सात दिवसांत घर रिकामं करावं, अन्यथा पाडण्यात येईल. त्याखालचं पान शेजाऱ्यांचं होतं, त्याखालचं त्यांच्या शेजाऱ्यांचं. माळावर एकोणचाळीस घरं होती.

तो आईकडं वळला. मालनबाईंनी कागदाकडं पाहिलंही नाही. त्या गोकुळजवळ गेल्या आणि आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या,

"आपल्या घरांच्या कोर्टाच्या तारखेला अजून बारा दिस हायेत ना रे, गोकुळ?"