चमचाभर काढा

शनिवारी संध्याकाळी सातला निमिषने अमेरिकेतल्या चँडलर शहरातल्या आपल्या घरातलं कपाट उघडलं, तर स्पेनहून आणलेली हिरव्या मद्याची बाटली जागेवर नव्हती. पुण्याहून आलेल्या आईने “हे काय रे?” म्हणून विचारलं, तेव्हा त्याने “तिकडचा पाचक काढा” अशी थाप मारली होती. तेव्हापासून ती रोज जेवणानंतर चमचाभर घेत होती. खरं कळलं असतं, तर दारूचं नावही न काढणारी आई मिळेल त्या विमानाने परत गेली असती.

त्याने घाईघाईने फोन लावला.

“आई, ती बाटली कुठंय?”

“अरे, भजनाला घेऊन आलेय. लतिकाचं पोट बिघडलं होतं ना! आता सगळ्याजणी चमचा चमचा मागताहेत. फक्त तिचे मिस्टर, दिगंबरभाऊ, चष्मा लावून बाटलीवरचं लेबल वाचत बसलेत.”

“आई, प्लीज, त्यांना वाचू देऊ नकोस! मी निघालोच!”

“झालंसुद्धा त्यांचं वाचून.”

निमिषच्या हातातली गाडीची किल्ली खाली पडली.



“अरे, त्यांचंही पोट बिघडलंय म्हणे. चमचा नको, पेलाच द्या म्हणताहेत.”