पहिलं पिंप

"मीटर काय म्हनतंय, एलियाभाऊ?" कानिफनाथशेठनी दारातूनच विचारलं.

पारनेर रस्त्यावरच्या त्यांच्या थिनरच्या कारखान्यात उद्या खंडेनवमीची पूजा होती. त्यासाठी पिंपांना लालभडक रंग दिला होता, आणि रंगाऱ्यानं हौसेनं अर्थिंगच्या तारेचा चिमटाही रंगवून टाकला होता. थिनर ओतताना पिंपात साठणारी वीज जमिनीत उतरायची वाटच त्यामुळे बंद झाली होती. एलियानं चाचणीपुरती जराशी धार सोडली, तरी मीटरचा आकडा धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेला. पिंप भरेपर्यंत ठिणगी पडणार, यात त्याला शंका नव्हती.

त्याचा मुलगा जॉन याच खोलीत जळाला होता. तेव्हा तो चिमटा तुटलेला होता, आणि शेठनी पोलिसांना सांगितलं होतं की पोरगं बिडी ओढत होतं. जॉननं जन्मात कधी बिडीला हात लावला नव्हता. आईबापाला पोरापेक्षा तो ठपकाच जास्त जाळत होता.

"नगरात मीटरवाले लई हायेत," शेठ म्हणाले. "पन मुद्दाम तुमाला बोलावलं. तुमी खोटं सांगायचे न्हाई."

पूजा झाली की पहिलं पिंप शेठ एकटेच आत जाऊन भरत, बाकीचे बाहेर मांडवात थांबत. त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज होता तो.

"उद्याबी तुमीच भरनार ना?" एलियानं विचारलं.

शेठ जरा घुटमळले. "मान हाय तो. आपल्याच मानसाचा."

एलियानं मीटर बंद करून पेटीत ठेवला. "काय काळजी न्हाई. बिनघोर भरा."

घरी तो पोटभर जेवला. जॉन गेल्यापासून त्याला जेवण असं गोड लागलं नव्हतं, आणि त्याची त्याला जराही लाज वाटली नाही.

सकाळी त्याची बायको मार्था ठेवणीतली रेशमी साडी नेसून चर्चला जाते म्हणून बाहेर पडली. बरंच झालं, एलियाच्या मनात आलं. बातमी येईल तेव्हा ती निदान देवाच्या घरात असेल. चहा घेऊन तो फोनजवळ बसून राहिला.

फोन वाजला. पलीकडे शेठच होते.

"एलियाभाऊ, आज चारचौघांत कबूल केलं मी. जॉनची काय बी चूक नव्हती, माझी हुती. पोलिसांनाबी तसंच सांगनार हाय. तुमाला आधी कळू द्यायचं न्हाई, असं वहिनींचं नि माझं ठरलं हुतं. आत जायला त्या भीत हुत्या. मी म्हनलं, तुमच्या मालकांनी सोता तपासलंय, तवा कुटं गेल्या. यंदाचं पहिलं पिंप जॉनच्या आईच्या हातानं. हे बघा, थिनरचा कॉक सोडला त्यांनी."