जायफळाचे दोन वेढे

“या गोळ्यांनी डोक्यात नसते संशय येतील, आले की कळवा,” मूत्रपिंडाच्या सुजेवर कॉर्टिझोन देताना डॉक्टर म्हणाले होते. मी हसले, बी.ए. झालेल्या बाईला संशय ओळखता येत नाही होय? आज सासूबाईंनी बाळाची घुटी उगाळताना जायफळाचे दोन वेढे जास्त दिले. मी वाटी मोरीत ओतली. “घुटी शे ती, इख नही! तुन्हा नवराबी हाईच पीसन इतला मोठा व्हयना,” त्या हसल्या. विषाचं नाव मी काढलंच नव्हतं! त्यांची पाठ वळताच बाळाला कापसाच्या खोलीत नेऊन ढिगात लपवलं, तोंड तेवढं उघडं ठेवलं. मला भ्रम झालाय म्हणत ह्यांनी मला जीपनं तळोद्याच्या दवाखान्यात आणलं. बाळ कुठंय, ते ह्यांनाही सांगितलं नाही, आईचेच ना हे! संध्याकाळी आमच्या सारंगखेड्याच्या घरी त्याच ढिगावर गाडीभर कापूस ओततील. सिस्टर, तुम्ही त्याआधी कुणाला तरी पाठवून बाळाला बघा.