मऊ हात

"हिचा हात मुळातच मऊ," असं दादा सगळ्यांना कौतुकाने सांगायचा. बँडमध्ये तो गायचा, मी गिटार वाजवायचे. गिटारचा आवाज मोठा करणारा माझा अ‍ॅम्पही त्यानेच आणून दिलेला, आत स्पीकर बसवलेला. त्यातून माझे सूर रजईखालून आल्यासारखे यायचे, आवाजाला धार आणणारं ट्रेबलचं बटण कितीही फिरवलं तरी. असतो एकेकीचा हात तसा, म्हणून मीही ते मान्य करून टाकलं होतं.

गेल्या आठवड्यात तालमीच्या खोलीत दुसऱ्या बँडचं स्पीकरचं खोकं पडलं होतं. सहज गंमत म्हणून माझ्या अ‍ॅम्पची वायर त्याला जोडली आणि एक तार छेडली. खिडकीची काच थरारली. बाहेर चहा पीत बसलेली आमची ड्रमवाली आत डोकावली.

"कोण नवीन आलंय?"

खोलीत मी एकटीच होते.

घरी येऊन दादाला विचारलं, "माझ्या अ‍ॅम्पमधला स्पीकर कुणी निवडला?"

"मीच बदलून घेतला होता. आधीचा फार टोचायचा, माझ्या गाण्यावर चढला असता. तुला आपला हाच शोभतो."

दुसऱ्या दिवशी जाऊन टोचणारा स्पीकर बसवून आणला.

काल कार्यक्रमात पहिल्याच गाण्याला दादा माइकवर हात ठेवून माझ्यावर खेकसला, "काय झालंय तुझ्या हाताला?"

"हात पहिल्यापासून हाच आहे, दादा," मी म्हटलं. "तू जरा जोरात गा."