बत्तीस तारांचं चाक

"हे लाव," मंगेशने नवंकोरं चाक अनंताकाकांच्या सायकल दुकानातल्या फळीवर ठेवलं. "कंपनीतून बांधून आलंय. उद्या मुरबाडला नाचक्की नको."

मनस्वीने ते उचललं, दोन-दोन तारा मुठीत धरून आवळून पाहिल्या आणि परत ठेवलं.

"ढिलं आहे. आणि माझं मी बांधलंय."

तिची सायकल दुकानासमोर उभी होती. तिला सीट नव्हती. या खेळात बसायचं नसतंच. पेडलवर उभं राहून या दगडावरून त्या दगडावर उडी घ्यायची आणि बहुतेक वेळा एकट्या मागच्या चाकावर उतरायचं. दोन महिन्यांत तिने मागची दोन चाकं मोडली होती. मुरबाडच्या स्पर्धेला शहापूरहून कोण जाणार, ते मंगेश ठरवायचा.

"तुझ्या चाकावर तुला नेणार नाय," तो म्हणाला. "हे लावलंस तर नेतो. पन तू खालचेच कातळ कर. वरचा आमी पोरं बघू."

"वरचा कातळ मला करायचाय. माझ्या चाकावर."

सायकलला आता असलेलं हे तिसरं चाक तिने आठ दिवस खपून बांधलं होतं. रिम रुंद घेतली होती. तारा मात्र टोकांना जाड आणि मध्ये बारीक. अनंताकाकांचा जन्म दूधवाल्यांच्या सायकलींना जाड तारा भरण्यात गेलेला. त्यांना हसूच आलं होतं. "उपाशी दिसतात गो ह्या." तिने सांगून पाहिलं होतं, की जाड तार अडून बसते आणि टोकाच्या वाकात तुटते, बारीक तार थोडी ताणते, भार शेजारणीला देते. काकांनी मान हलवली होती. पटलं की नाही, ते काही कळलं नव्हतं.

आताही ते मध्ये पडले ते एवढंच बोलायला, "भांडता कशाला? गिरणीचा ओटा आहे ना. उतरव तिथून."

शेजारच्या भातगिरणीचा ओटा कमरेएवढा उंच होता. मनस्वीने सायकल पायऱ्यांवरून वर नेली, कडेला आणली, पुढचं चाक उचललं आणि खाली झेपावली.

मागचं चाक टेकलं. टण्. टण्-टण्-टण्.

"मोडलं!" मंगेश म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख नव्हतं.

मनस्वीने सायकल उलटी केली. एकेक तार बोटाने मोजली. बत्तीसच्या बत्तीस शाबूत. पण चाक फिरवलं तर रिम एका जागी तांदळाच्या दाण्याएवढी डुलत होती.

"आऊट गेलंय. आता तरी हे लाव."

तिने ऐकलं नाही. तार तुटली नव्हती, मग वाजली कशाने? तिने काकांच्या गल्ल्यावरची चिकटपट्टी घेतली, एका तारेला तिचं इवलंसं शेपूट चिकटवलं आणि किल्लीने तार आवळणारं रिमेजवळचं निपल फिरवलं. शेपूटही निपलाबरोबर वळलं.

ती बघतच राहिली. बारीक तार घट्ट व्हायच्या आधी पिळली जात होती. चाक बांधताना तिने वहीत मोजून लिहिलेले किल्लीचे फेरे काही ताणात गेले होते, काही नुसते पिळात. भार पडला तसा पीळ सुटला. वाजला तो पीळ.

"बोललो होतो ना," काका म्हणाले. "अर्धा फेरा पुढं, मग पाव मागं."

बोलले होते. म्हाताऱ्या हाताची सवय, म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

"चुकले काका. पन कारण का नाय सांगितलं तुमी?"

"कारण? मला माझ्या बाने पन नाय सांगितलं."

ती पायरीवर बसली. प्रत्येक तारेला शेपूट लावायचं, अर्धा फेरा पुढे, मग शेपूट सरळ होईपर्यंत मागे. बत्तीस वेळा. मग रिम सरळ होईपर्यंत पुन्हा. गिरणीतले हमाल चहा घेऊन बघायला आले.

"शाळा भरली इथं," मंगेश म्हणाला. "अगो, पोरीच्या जातीला चाक बांधता येत नाय म्हणून कोण फाशी देतंय का? घे हे आणि चल."

तिने शेवटच्या तारेवरची पट्टी सोलली, सायकल खांद्यावर घेतली आणि परत ओट्यावर चढली.

या वेळी फक्त टायर वाजला. धप्प. तिने जाग्यावरच चाक फिरवलं. काकांनी वाकून रिमेशी नख धरलं. नख कुठेच घासलं नाही.

"पोरी, हे चाक पोतं घेऊन नाशिकला जाईल," ते म्हणाले.

मंगेशने आपलं चाक फळीवरून उचललं. "बरं बाई. ये उद्या. वरच्या कातळाचं तिथं गेल्यावर बघू."

ओट्याच्या पलीकडे ट्रक लावायचा धक्का होता, मनस्वीच्या गळ्याएवढा. तिने सायकल त्याच्याकडे वळवली.

"ए, तिथून उतरायला कोणी सांगितलं तुला?" मंगेश ओरडला.

"कोणीच नाय."

ती चढू लागली. खाली हमालांनी चहाचे ग्लास ठेवले आणि तिच्या वाटेतली पोती एकेक करून बाजूला ओढायला घेतली.