पाण्याच्या भीतीचं लॉक

पोहण्याचा कोरा निळा पोशाख. डब्यात थालीपीठ. मानेतून काढलेला नखाएवढा पेनड्राइव्ह.

"मावशी, तुमची पाण्याची भीती पुसलीच जाईना. ड्राइव्हला लॉक आहे," दुकानातली रुबीना म्हणाली.

"मग उघड की! जन्मभर काठावर बसून सगळ्यांचे कपडेच सांभाळलेत मी."

"एकदा पुसली की परत मिळायची नाही हां."

"हवीय कोणाला!" इंदुमती म्हणाली.

रुबीनाने टाचणीने खटका सरकवला, ड्राइव्ह फॉरमॅट केला आणि पुन्हा मानेत बसवला.

शेजारच्या तलावात, कंबरभर पाण्यात, नात हात पसरून उभी होती. "ये गं आजी!"

इंदुमती धावत सुटली आणि तिने धपकन उडी मारली.

लॉक तिच्या आईने लावलं होतं, इंदुमतीची थोरली बहीण विहिरीत बुडाली त्या दिवशी.